फाईल गावी राहिलेला पेशंट

तिघं एकदम येतात, आजारी एकच असतो. उरलेल्या दोघांपैकी एकाच्या हातात त्याची पाण्याची बाटली, दुसऱ्याच्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर पलीकडे बीडची नाहीतर वाशिमची आई. “ताप कधीपासून?” याचं उत्तर रूममेट देतो. “कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?” याचं उत्तर आई देते. ज्याला ताप आहे तो मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसलेला असतो. लहानपणी कावीळ झाली होती का, गोवराची लस टोचली का, आजोबांना साखर होती की बीपी, हे सगळं आईच्या डोक्यात आहे. मुलगा अठरा वर्षं ते ऐकत आला, पण लक्षात ठेवायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. पेशंट पुण्यात आला, त्याची फाईल गावीच राहिली.

माझा दवाखाना नवी पेठेच्या अलीकडे, मेस आणि अभ्यासिकांच्या गराड्यात. सुरू केला तेव्हा एका ज्येष्ठांनी कौतुकाच्या सुरात सांगितलं होतं, “आरामाची प्रॅक्टिस आहे. तरुण पोरं, त्यांना काय होतंय? सर्दी, जुलाब आणि सर्टिफिकेट.” आजारांची यादी त्यांनी बरोबर सांगितली होती. चुकला तो वेळेचा हिशेब. साठीच्या गृहस्थांची बीपीची गोळी मी चार मिनिटांत वाढवून देते. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या ‘पोटदुखी’ला पंचवीस मिनिटं लागतात, आणि त्यातली पहिली पंधरा पोटाबद्दल नसतात. डॉक्टरला पैसे देण्याच्या बऱ्याच पद्धती मात्र आजार मोजतात, ही मिनिटं क्वचितच कुणाच्या वहीत येतात.

विद्यार्थ्यांसाठी वेगळा डॉक्टर हवा, हा विचार अमेरिकेतला आणि जुना. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजने १८६१ साली एडवर्ड हिचकॉक नावाच्या डॉक्टरांना आरोग्य आणि व्यायाम या विषयाचे प्राध्यापक म्हणून नेमलं. अभ्यासाच्या ओझ्याखाली मुलं खंगतात, अशी तिथल्या प्राचार्यांची काळजी होती. हिचकॉक मुलांची उंची, वजन, छाती दरवर्षी मोजत राहिले आणि कित्येक दशकं ती मापं लिहून ठेवत गेले. १९०६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठाने पुढचं पाऊल टाकलं. सगळ्यांनी ठरावीक रक्कम आधीच भरायची, आणि जो आजारी पडेल त्याला डॉक्टर आणि खाट मिळणार. अमेरिकेतली आजची विद्यार्थी आरोग्यसेवा याच दोन मुळांवर वाढली.

इंग्लंडची गोष्ट निराळी आहे आणि मला ती जास्त शिकवून जाते. तिथे विद्यापीठात दाखल झालं की जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं, आणि गावाकडच्या जीपीकडचं नाव आपोआप निघतं. म्हणजे फाईल पेशंटमागे येते. नॉटिंगहॅमच्या क्रिप्स हेल्थ सेंटरसारखे काही दवाखाने तर विद्यापीठाच्या आवारातच आहेत आणि त्यांच्या यादीवर बहुतेक विद्यार्थीच असतात. सप्टेंबरच्या अखेरीस काही आठवड्यांत हजारो नवी नावं येतात, तीन वर्षांनी तितकीच जातात.

हे सगळं छान, पण पैशाचं काय? सरकार तिथे दवाखान्याला माणशी पैसे देतं आणि माणसांचं वजन ठरवायला ‘कार-हिल’ नावाचं सूत्र आहे. म्हातारा माणूस जड, तरुण हलका. विशीतला मुलगा त्या हिशेबात पूर्ण एक माणूसही भरत नाही. २००४ पासून चांगल्या कामाचे जे जादा पैसे मिळू लागले, तेही मुख्यतः मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्या देखरेखीचे. विद्यार्थ्यांच्या यादीत असे पेशंट असणार किती? मुलांच्या मनाशी तासन्‌तास झगडणाऱ्या दवाखान्याच्या पदरात त्यातलं फार थोडं पडतं. पुढे तिथल्या आरोग्य खात्यालाही मान्य करावं लागलं की विद्यापीठांचे दवाखाने सर्वसाधारण मापात बसत नाहीत.

आपल्याकडे असं सूत्र नाही, म्हणून आपली सुटका झाली असं कुणी समजू नये. २०२१-२२ च्या केंद्रीय पाहणीनुसार देशात उच्च शिक्षण घेणारे ४ कोटी ३३ लाख, त्यातले महाराष्ट्रात ४५ लाख ७८ हजार. यातल्या किती जणांपर्यंत विद्यापीठाचा दवाखाना पोचतो? पवईच्या आयआयटीत आवारातच हॉस्पिटल आहे. गणेशखिंडीच्या विद्यापीठाच्या ४११ एकरांतही आरोग्य केंद्र आहे. पण आपली मोठी विद्यापीठं संलग्न महाविद्यालयांची आहेत. त्यांचा विद्यार्थी आवारात राहत नाही. तो कर्वेनगरात, धायरीत, नऱ्ह्यात, सदाशिव पेठेच्या वाड्यात ‘कॉट बेसिस’वर राहतो. महाविद्यालयाच्या फीच्या पावतीवर ‘वैद्यकीय तपासणी’ असं एक कलम बऱ्याच ठिकाणी असतं. ती तपासणी म्हणजे सभागृहात रांग, वजनकाटा, “काही त्रास? नाही? पुढे.” त्या कागदाचं नंतर काय होतं ते मी अनेकांना विचारून पाहिलं. कुणीतरी कपाटाकडे बोट दाखवतं.

सरकारी कार्यक्रमांतही हे वय दोन खुर्च्यांच्या मधे पडतं. २०१४ चा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयाचा. महात्मा फुले जनआरोग्य योजना दाखल झालेल्या पेशंटसाठी, आणि तिला लागणारं रेशनकार्ड, आईसारखंच, गावी. मग उरतो तो गल्लीतला डॉक्टर, जो तपासणी फी घेतो आणि ती दोनशेच्या वर गेली की मुलं मेडिकलवाल्याकडे वळतात. मेडिकलवाला फी घेत नाही. तीन गोळ्यांची अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी देतो. पहिल्या गोळीने बरं वाटलं की उरलेल्या दोन रूममेटच्या खोकल्याला. परीक्षेच्या आधी “मॅडम, अशक्तपणा वाटतोय, सलाईन लावा” म्हणणारेही रोज असतात. सलाईनच्या बाटलीत मिठाच्या पाण्याखेरीज फारसं काही नसतं, हे समजावून सांगायला सलाईन लावण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. समजावण्याची फी कशी आकारायची, ते मला अजून जमलेलं नाही.

वर्षाचा क्रम पाठ झालेला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुलं येतात. त्यांच्यामागोमाग मेसचं पाणी, जुलाब, टायफॉइडच्या नावाखाली काढलेल्या विडाल टेस्ट. पावसाळ्यात न वाळलेल्या जीन्समुळे जांघेतला गजकर्ण, आणि त्यावर मित्राने दिलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब. दोन दिवसांत खाज जाते, दोन महिन्यांत गजकर्ण मांडीभर पसरतो. हिवाळ्यात खरूज. तिचा इलाज सोपा आणि अशक्य आहे. परमेथ्रिन मानेपासून पायापर्यंत रात्रभर लावायचं, आठवड्याने पुन्हा, आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री. चार कॉटच्या खोलीत एकाच रात्री! एकाची नाइट ड्यूटी, दुसरा गावी, तिसऱ्याला खाजच नाही म्हणून तो ऐकत नाही. खोलीला मी एक पेशंट मानते आणि चौघांना एकत्र बोलावते. फी एकाचीच घेते. हा माझा अव्यवहारीपणा की व्यवहार, यावर घरी एकमत नाही.

पण ज्या आजारात विद्यार्थी असणं हीच खरी जोखीम ठरते तो डेंग्यू. घरचं पोर असलं तर आई कपाळाला हात लावून बसते. खोलीवरचं पोर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला की उठून बसतं, “आता बरं वाटतंय, घरीच जातो” म्हणतं आणि रात्रीची ट्रॅव्हल्स पकडतं. डेंग्यूमधला धोक्याचा काळ नेमका ताप उतरण्याच्या सुमारास सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं, रक्त घट्ट होतं, पोट दुखतं, उलट्या होतात, बीपी खाली येतं. हे सगळं मग नगरच्या पुढे कुठेतरी, रात्री दोन वाजता, स्लीपरच्या वरच्या बर्थवर. म्हणून “मॅडम, गावी जाऊ का?” हा माझ्या दवाखान्यातला सगळ्यात वैद्यकीय प्रश्न आहे. पहिल्या दोन दिवसांत आलास तर जा, सोबत कुणीतरी घेऊन जा. चौथ्या दिवशी नाही. मग रोज रक्त तपासायला ये, ओआरएस पी, अंगदुखीला पॅरासिटामॉलशिवाय काही घेऊ नकोस. लघवी किती वेळा झाली ते रूममेटने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. रूममेट हाच आमचा नातेवाईक, आणि बऱ्याचदा तो नातेवाइकापेक्षा शहाणा निघतो.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला गियाँ-बारे सिंड्रोमचे पेशंट वाढू लागले तेव्हाही विद्यार्थी असण्याची हीच जोखीम दिसली. पुणे परिसरात संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. कित्येकांच्या शौच तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. आधी जुलाब, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी पाय जड. जुलाबाची आठवण तोपर्यंत मुलाला राहिलेली नसते. “जिने चढताना मांड्या भरून येतात” एवढंच तो सांगतो, आणि ते व्यायामाचं दुखणं समजून परत पाठवणं फार सोपं असतं. त्या दिवसांत मी प्रत्येकाला टाचांवर चालायला लावत होते. मुलं हसायची.

गावी राहिलेल्या फाईलची खरी किंमत जुन्या दुखण्यांत कळते. धडगावकडचा एक पावरा मुलगा दोन वर्षं सांधे दुखतात म्हणून वेगवेगळ्या दवाखान्यांतून ‘वात’ घेऊन फिरत होता. एका साध्या रक्त तपासणीत सिकलसेल निघाला. सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आणि चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी त्यात धरली आहे. त्याच्या पाड्यावर तपासणीचं पथक येऊन गेलं असेलही, तेव्हा तो पुण्यात कॉटवर होता. दुसरी एक मुलगी चहाचा कप सांडतो म्हणून मैत्रिणींच्या चेष्टेचा विषय झाली होती. सकाळी उठल्यावर हात अचानक झटकायचे, ब्रश हातातून उडायचा. रात्रभर जागून पेपरला गेली आणि वर्गातच फिट आली. तरुण वयात सुरू होणारी ही मिरगीची एक ओळखीची जात आहे. जागरण हा तिचा खटका, आणि विद्यार्थीदशेइतकं जागरण आयुष्यात पुन्हा फक्त तान्ह्या मुलाच्या आईला घडतं. औषध निवडताना पुढे कधीतरी तिला मूल हवं असेल हे एकोणिसाव्या वर्षीच डोक्यात ठेवावं लागतं, कारण व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक आहे.

मुलींबद्दल थोडं सविस्तर. पाळी अनियमित झाली की हल्ली हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो आणि तोंडात ‘पीसीओडी’. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत निव्वळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. त्या वयात बीजकोशात तशा गाठोळ्या दिसणं स्वाभाविक असतं. पण ‘आता मूल होणार नाही’ हे वाक्य कुणीतरी बोलून गेलेलं असतं आणि पोर त्याच्यासकट जगत असते. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आहे, असं २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. डब्याच्या दोन पोळ्यांतली एक सकाळी आणि एक रात्री खाणाऱ्या मुलीला याहून वेगळी पाहणी लागत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची सर्वाव्हॅक ही लस पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि ती २६ वर्षांपर्यंत देता येते. तरी इथल्या मुलींना ती ठाऊक नसते.

“लग्न झालंय का?” हा प्रश्न मी विचारायचा सोडून दिला. त्याचं उत्तर ‘नाही’च येतं आणि पुढचं सगळं बोलणं संपतं. संबंध आहेत का, हे सरळ आणि डोळे केसपेपरवर ठेवून विचारलं की उत्तर मिळतं. आणीबाणीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते हे त्यांना ठाऊक असतं, पण ती महिन्यातून तीनदा घ्यायची वस्तू नव्हे हे नसतं. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीतही अविवाहित स्त्रीला बाजूला ठेवता येणार नाही असं सांगितलं. तरी नवऱ्याची सही मागणारे दवाखाने आजही सापडतात. अकरावी-बारावीच्या किंवा पहिल्या वर्षाच्या सतरा वर्षांच्या मुलीबाबत पेच वाढतो, कारण पॉक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. मुलीने आणि पालकाने विनंती केली तर त्या अहवालात तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. अशा वेळी हे वाक्य मी दोनदा वाचून दाखवते.

मग येतो घरचा फोन. “मॅडम, आमच्या पूनमला काय झालंय?” (नाव बदललं आहे.) पैसे त्यांचे, काळजी त्यांची, आणि आवाजात अधिकारापेक्षा भीती जास्त. पण पूनम अठरा पूर्ण आहे आणि तिच्या संमतीशिवाय मी काही सांगू शकत नाही. पुस्तकात हे एका ओळीत आहे. प्रत्यक्षात “सांगता येणार नाही” म्हटलं की बाप रात्रीच्या गाडीने पुण्यात हजर होतो. म्हणून मी पहिल्याच भेटीत विचारून ठेवते, घरचा फोन आला तर काय सांगू, काय नको. बहुतेक मुलं म्हणतात, सगळं सांगा. काही जण थांबतात. ते थांबणंही मी लिहून ठेवते.

मनाच्या दुखण्यांवर सगळ्यात जास्त मिनिटं जातात. अमेरिकेतल्या २००५ सालच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं की आयुष्यभरातल्या मानसिक आजारांपैकी अर्धे चौदाव्या आणि पाऊणशे टक्के चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे ते जिथे उगवतात ते वय आणि आमची ओपीडी एकच. मराठी माध्यमातला मुलगा ‘डिप्रेशन’ म्हणत नाही. “डोकं जड असतं”, “अभ्यासात लक्ष लागत नाही”, “छातीत कसंतरी होतं” म्हणतो आणि ईसीजी काढायला सांगतो. इंग्रजी माध्यमातला पहिल्याच वाक्यात ‘अँग्झायटी’ म्हणतो, आणि खरं दुखणं मात्र ऑक्टोबरमध्ये लागलेला बॅकलॉग असतं. दोघांनाही ईसीजी नॉर्मल आहे हे सांगून भागत नाही. नॉर्मल ऐकून त्यांना वाटतं, आपण ढोंग करतोय असं मॅडम म्हणताहेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, त्यात १,७६४ महाराष्ट्रातल्या, आणि हा राज्यांतला सर्वांत मोठा आकडा. जीव नकोसा वाटतो का, हे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट विचारलं की खांदे खाली येतात, हे मी वारंवार पाहिलं आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक मी समोरच मुलाच्या मोबाइलवर सेव्ह करायला लावते, भिंतीवरचा कागद कुणी वाचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असलाच पाहिजे. निर्णय चांगला आहे. पण समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या केबिनला लागून असेल तर तिथे कुणी जाणार नाही, आणि मी पाहिल्या त्यातल्या बऱ्याच तिथेच आहेत. गल्लीतल्या दवाखान्याचा एक फायदा मोठा. इथे येणारा फक्त सर्दीसाठी आला, असं सगळे समजतात.

सर्टिफिकेटचं थोडक्यात उरकते. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे तोवर मे महिन्यात मार्चमध्ये कावीळ झाल्याचा दाखला मागणारे येत राहणार. २००२ च्या आचारनियमांप्रमाणे प्रत्येक दाखल्याची नोंदवही ठेवावी लागते, प्रत जवळ ठेवावी लागते, पेशंटची सही आणि शरीरावरची ओळखीची खूण लिहावी लागते. “खूण दाखव” म्हटलं की खोटा दाखला मागणाऱ्यांपैकी निम्मे तिथेच निघून जातात. उरलेल्या निम्म्यांत कुणी खरंच तीन आठवडे खोलीतून बाहेर पडलेला नसतो, आणि त्या आजाराला दुसरं नाव असतं. म्हणून दाखला मागणाऱ्याला हाकलायच्या आधी मी त्याला बसवते.

आणि एक मोठा वर्ग असा की जो कुठल्याच यादीत विद्यार्थी नाही. स्पर्धा परीक्षेवाले. पदवी झालेली, वय सव्वीस, अठ्ठावीस, तीस. महाविद्यालय नाही, म्हणजे समुपदेशक नाही, विमा नाही, आरोग्य केंद्र नाही. अभ्यासिकेतल्या खुर्चीचं भाडं हीच त्यांची नोंदणी. बारा तास बसून मूळव्याध, पाठ, अ‍ॅसिडिटी. परीक्षा पुढे ढकलली की त्या आठवड्यात माझ्याकडे गर्दी वाढते. घरी सांगितलेलं असतं, ‘यंदा होईल’. त्यांच्यासोबत रूममेटही येत नाही, तो केव्हाच परीक्षा सोडून गावी गेलेला असतो.

जून-जुलैत वेगळीच रांग लागते, परदेशी निघालेल्यांची. अमेरिकन विद्यापीठांचे फॉर्म एमएमआरचे दोन डोस तारखेसकट मागतात. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. खाजगी बालरोगतज्ज्ञाकडे गेलेल्यांना तिन्हीची मिळालेली असते, बाकीच्यांना नाही. २०१८ च्या शाळेतल्या मोहिमेत टोचल्याचं मुलांना आठवतं, पण शाईने रंगवलेल्या अंगठ्याखेरीज पुरावा नसतो. लसीचं पिवळं पडलेलं कार्ड लातूरहून व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, घडीवरची तारीख नेमकी फाटलेली. मग सगळं पुन्हा टोचायचं. इंग्लंडला जाणाऱ्यांना व्हिसासाठी क्षयाची तपासणी लागते, आणि तिथे पोचल्यावर पंचविशीच्या आतल्या नव्या विद्यार्थ्यांना मेंदूज्वराची मेनएसीडब्ल्यूवाय लस फुकट मिळते. २०१५ पासून ती सुरू आहे. ती घ्याच, असं मी चिठ्ठीवर लिहून देते.

गेल्या ऑक्टोबरात लेस्टरहून एका मुलीचा मेसेज आला. तिथल्या जीपीच्या नोंदणीचा फॉर्म भरत होती. “मॅडम, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी मला आहे की दादाला? आईला विचारलं तर ती म्हणते दोघांना.” मी कपाटातून तिच्या वर्षाची वही काढली. घशाच्या इन्फेक्शनसाठी आली होती त्या दिवशीची नोंद सापडली. अ‍ॅलर्जी दादाला. खाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘घरचा फोन आल्यास: सगळं सांगा’.